रोजची सुवार्ता

लॉन्ड्रीवाल्याचा देवावर विश्वास नव्हता आणि त्याच्या बायकोचा इतका होता, की नवऱ्याच्या वाट्याचाही तिनेच उचललाय असं लोक गमतीने म्हणत. रस्त्याच्या वळणावर दुकान, वर दोन खोल्यांचं घर. तो मागे वाफेच्या प्रेसवर उभा असायचा, ती पुढे काउंटरवर. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. त्याला काही म्हणायची वेळच यायची नाही, कारण तो वाफेच्या आड असायचा आणि कामाच्या वेळी तोंड उघडायचा नाही. जेवायला बसल्यावर मात्र त्याला कंठ फुटायचा, आणि तोही एकाच विषयावर. तिच्या धर्माची उलटतपासणी.

ताई जन्मापासून विश्वासणारी नव्हती. देवाचं नाव परीक्षेच्या आधी किंवा ठेच लागल्यावर निघतं, अशा घरातली ती. चाळिशीला टेकेपर्यंत तिने या गोष्टींचा विचार केला नव्हता. मग ते आईचं घडलं.

एका दुपारी तिची म्हातारी आई हातात पिशवी घेऊन दुकानाच्या दारात आली. मुलाकडे पटत नव्हतं, थोडे दिवस लेकीकडे राहावं म्हणून. मायलेकींचं त्याआधीच बिनसलं होतं. आईने घर मुलाच्या नावावर करून दिलं होतं आणि ते ताईच्या मनाला लागलं होतं. काउंटरवर एक गिऱ्हाईक उभं होतं. ताईने आईला आत ये म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. "ज्याला घर दिलंस त्याच्याकडेच राहा," एवढं म्हणाली आणि गिऱ्हाइकाचे शर्ट मोजायला लागली. म्हातारी जरा वेळ तशीच उभी राहिली, मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वळून गेली. पुढच्याच आठवड्यात ती वारली.

त्यानंतर ताई खायची, झोपायची, काउंटरवर उभी राहायची. पण तिच्यातलं माणूस उठून गेल्यासारखं झालं होतं. लॉन्ड्रीवाल्याने त्याला येत होतं ते सगळं सांगून पाहिलं. आईचं वय झालं होतं, दुखणं जुनं होतं, तू ठेवून घेतली असतीस तरी हेच झालं असतं. ती ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे पाहत बसायची. शेवटी एक नर्सबाई तिला आपल्याबरोबर घेऊन गेल्या. नर्सबाईंचे पांढरे गणवेश दुकानात यायचे, त्यामुळे ओळख होती. त्यांची ख्रिस्ती मंडळी टायरच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये जमायची. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक जुना कीबोर्ड, आणि खालून सतत येणारा रबराचा वास. ताई परत आली ती जिना चढतानाच रडत होती. लॉन्ड्रीवाल्याला वाटलं, आणखी काहीतरी झालं.

"ते मला, तुझी काही चूक नव्हती, असं म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "चूक होती, असंच म्हणाले. तुझ्याकडून भरून निघणारही नाही म्हणाले. आणि तरी माफ आहे म्हणाले. दुसऱ्या कुणीतरी भरलंय म्हणाले."

काही महिन्यांनी तिचा बाप्तिस्मा झाला, गावाबाहेरच्या तलावात, छातीइतक्या पाण्यात बुडवून. लॉन्ड्रीवाला काठावर टॉवेल घेऊन उभा होता. ती पाण्यातून वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मुलगी झाली तेव्हा. ते त्याला समजलं नाही, पण बायको परत मिळाली यात तो खूश होता. म्हणून त्याने कधी अडवलं नाही. फक्त वाद घातला, आणि तो वर्षानुवर्षं घातला.

"म्हणजे जन्मभर लोकांना लुबाडणारा माणूस शेवटच्या घटकेला विश्वास ठेवतो आणि स्वर्गात जातो. आणि मी कुणाचं सुटलेलं बटणसुद्धा ठेवून घेतलं नाही, तरी मी नरकात. हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच तो," ती सरळ आवाजात म्हणायची, "कृपा आहे. न्याय झाला असता तर तुम्ही दोघंही नरकात गेला असता."

कधी तो धंद्यातली भाषा काढायचा. न निघणारा डाग असला की आपण कपडा परत देतो आणि सोबत चिठ्ठी टाचतो, प्रयत्न केला, निघाला नाही. तुमच्या देवानेही तेवढा प्रामाणिकपणा दाखवावा. ती हसायची. चिठ्ठी आपण टाचतो, तो टाचत नाही, म्हणायची. त्रैक्यावरून तो तिला फार छळायचा. एक देव आणि तीन व्यक्ती, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात, असं विचारायचा. तिथे तिची दमछाक व्हायची, आणि ती सरळ सांगायची की मलाही डोक्याने कळत नाही. फक्त एका प्रश्नाला ती उत्तर द्यायची नाही. तुझ्या आईने तर या येशूचं नावही ऐकलं नव्हतं, मग ती कुठे, असं त्याने एकदा विचारलं होतं. ताई ताटावरून उठून गेली. त्याने तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

रोज पहाटे ती स्वयंपाकघरात बसून मोठ्याने प्रार्थना करायची. पातळ भिंतीपलीकडे तो दाढी करत असायचा. रोज तिची शेवटची मागणी त्याच्यासाठी असायची. मुलगी आईबरोबर मंडळीत वाढली, विश्वासात आली, लग्न होऊन दुसऱ्या शहरी गेली. तीही बापासाठी प्रार्थना करायची. दोघी मिळून देवाचा पिच्छा पुरवतायत, तो तरी किती दिवस टिकेल, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

ताईचं दुखणं काउंटरवरच सुरू झालं. एकाचा सूट दुसऱ्याला गेला. मग पडदे धुवायला टाकलेल्या बाईला तिने विचारलं की हे पडदे विकायचे आहेत का. लोकांनी हसून सोडून दिलं, लॉन्ड्रीवाल्यानेही. पण एकदा ती हँगरचा गठ्ठा छातीशी धरून नुसतीच उभी राहिली, तो कुठे ठेवायचा हे तिला आठवेना, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. तेव्हा तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि शांतपणे समजावलं. यावर औषध असं नाही. आठवणी अलीकडच्या टोकाकडून जात राहतील. नवं आधी पुसलं जाईल, जुनं शेवटपर्यंत टिकेल. लॉन्ड्रीवाल्याने मान डोलावली. त्या वाक्याचा आपल्या घरापुरता अर्थ काय, हे त्याला तिथे उमगलं नाही.

उमगलं तेव्हा ती मंडळी विसरली होती. नर्सबाई उपासनेला न्यायला आल्या तर ताईने त्यांना कपड्यांची पावती मागितली. हॉलमध्ये नेलं तर गाणी सुरू होताच ती घाबरून दाराकडे धावली. बायबल उघडून हातात दिलं, तर तिने ते बंद करून नीट टेबलावर ठेवलं, परक्याची वस्तू ठेवावी तसं. चाळिशीनंतरचं सगळं हळूहळू धुऊन गेलं. तलाव गेला, नर्सबाई गेल्या, पहाटेची प्रार्थना गेली.

आणि मग एका दुपारी ती काउंटरवरून मागे आली.

"अहो, आई गेली का?"

"कोण आई?"

"माझी. आत्ता होती ना इथे. पिशवी घेऊन आली होती. मी तिला..." तिने तोंडावर हात ठेवला. लॉन्ड्रीवाल्याच्या हातात कुणाची तरी पँट होती, ती तशीच प्रेसवर राहिली. तोवर ताई रस्त्यावर गेली होती. चौकाच्या पुढे, बसथांब्यावरच्या प्रत्येक म्हातारीच्या तोंडाकडे पाहत फिरताना ती त्याला सापडली.

त्या दिवसापासून ते रोजचं झालं. क्षमा मिळाल्याचं ती विसरली होती आणि काय केलं होतं ते तिच्याजवळ शिल्लक होतं, तेही कालपरवा घडल्यासारखं ताजं. लॉन्ड्रीवाल्याने आधी थापा मारल्या. आई दादाकडे पोचली, फोन आला होता, जेवून झोपली. ती जरा निवायची, मग पुन्हा म्हणायची, "पण मी पाणीसुद्धा विचारलं नाही." तो म्हणाला, विसर आता, चुका कुणाकडून होत नाहीत. शेवटी एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "हे बघ, मी माफ केलं तुला. झालं?"

ती त्याच्याकडे आश्चर्याने पाहत राहिली. "तुम्ही कसं माफ करणार? तुम्हाला थोडंच घालवलं मी?"

दुकान त्याने अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली.

मंडळीचे पाळक भेटायला आले. वयाने मुलीएवढेच, साधे गृहस्थ. ताई त्यांना पाहून पडद्यामागे गेली, म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीतच हळू आवाजात प्रार्थना केली. चहा झाल्यावर लॉन्ड्रीवाल्याने त्यांना विचारलं. नेहमीच्या वादाचा सूर त्यात नव्हता.

"तुमच्या शिकवणीप्रमाणे विश्वासाने तारण होतं. तिला तर तुमचा येशू आठवतही नाही. मग तिचं कसं?"

"तिने त्याला धरलं होतं ते सुटलं असेल," पाळक म्हणाले. "त्याने तिला धरलंय ते सुटत नाही. तारण आपल्या स्मरणशक्तीवर टिकत नाही, काका. एवढं मी खात्रीने सांगू शकतो."

"मग ती एवढी का तळमळते?"

पाळकांनी कप खाली ठेवला. मला माहीत नाही, असं त्यांनी कबूल केलं. माझी स्वतःची आजी अशीच गेली आणि तेव्हाही मला काही करता आलं नाही, म्हणाले. निघताना जिन्यात थांबून त्यांनी सुचवलं, की तुम्हीच तिला येशूची सुवार्ता सांगून पाहा. तुमचा आवाज तिला ओळखीचा आहे, आम्ही सगळे परके झालो.

"माझा विश्वास नाहीये," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

"माहीत आहे. हे बरोबर आहे की नाही, तेही मला नीट सांगता येणार नाही. पण तुम्ही सांगा."

त्याने आठवडाभर सांगितलं नाही. आपण मानत नाही ते दुसऱ्याला सांगायचं म्हणजे माल न पाहता हमी देण्यासारखं, असं त्याला वाटत होतं. मग एकदा ती सकाळपासून दारात बसून राहिली. आई येईल, या वेळी तिला आत घ्यायचं म्हणून. जेवेना, उठेना. तो तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला आणि त्याने सुरुवात केली.

इतक्या वर्षांच्या वादामुळे त्याला सगळं तोंडपाठ होतं, क्रमासकट. देवाने माणसाला केलं ते चांगलं केलं. माणसाने पाठ फिरवली. तेव्हापासून प्रत्येकाच्या आत एक बिघाड आहे, चांगल्यातल्या चांगल्याच्याही, आणि तो ज्याचा त्याला काढता येत नाही. दानधर्माने नाही, रडून नाही, जन्मभर सरळ वागून नाही. पण देवाला माणूस टाकवेना. म्हणून त्याचा पुत्र माणूस होऊन आला. त्याने काही गुन्हा केला नव्हता. त्याला वधस्तंभावर मारलं, आणि जी शिक्षा तुझी होती, माझी होती, ती त्याने स्वतःवर घेतली. तिसऱ्या दिवशी तो उठला. जो त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचं सगळं माफ होतं. त्रैक्य त्याने गाळलं.

ताई त्याच्याकडे तोंड करून बसली होती. "सगळं?"

"सगळं."

"आईला दारातून घालवलं तेसुद्धा?"

"तेसुद्धा. ते त्याने भरलं."

"आणि मी काय द्यायचं?"

"काही नाही. फुकट आहे. घ्यायचं फक्त."

तिने ओंजळ पुढे केली, खरंच काही घ्यायचं असल्यासारखी, आणि मग तिची तिलाच लाज वाटून हात पदराखाली घेतले. ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं. जेवली. दुपारभर झोपली. उठल्यावर तिने विचारलं, "आई गेली का?"

तर असं सुरू झालं. ती रोज नव्याने ऐकायची, रोज नव्याने विचारायची, फुकट का, आणि रोज तिचा नवा जन्म व्हायचा. लॉन्ड्रीवाला सांगण्यात तरबेज झाला. कुठे थांबायचं, कुठे तिचा हात धरायचा, हे त्याला कळलं. जी वाक्यं त्याने वर्षानुवर्षं जेवताना पिंजून काढली होती, तीच तो आता जपून, एकही शब्द न सांडता तिच्यापुढे ठेवत होता. एकदा मेलेले पुन्हा उठतील या भागाशी आल्यावर तिने विचारलं, "आई पण उठेल?"

येशूवर विश्वास ठेवल्याशिवाय सुटका नाही, हा नियम त्याला माहीत होता. त्या नियमावरूनच त्याने तिला एकदा ताटावरून उठवलं होतं. "ते देवाच्या हातात," तो म्हणाला. त्याला यापलीकडे काही बोलता येईना. ती मान हलवत राहिली. कळून की न कळून, कोण जाणे.

तिचा चेहरा निवताना पाहून त्याला तिचा हेवा वाटायला लागला. हे सगळं सांगणाऱ्याला त्यातलं काहीच कसं मिळत नाही? नर्सबाई ताईजवळ बसल्या असताना तो दोनतीन रविवार टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जाऊन बसला. पाळकांनी सांगितलेली प्रार्थना त्याने मनात शब्दन् शब्द म्हटली. काही झालं नाही. स्वतःच स्वतःला गुदगुल्या कराव्यात तसं वाटलं. तो मंडळीला नावं ठेवत नव्हता, देवालाही नाही. त्याच्या आत ती जागाच नव्हती, किंवा होती आणि तिचं दार कुठे हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्यांना विश्वास ठेवता येतो ते म्हणतात, फक्त हात पुढे करा. त्याला हात सापडत नव्हता.

मुलगी राहायला आली. आल्या सकाळी ती जिन्यातच थांबली, कारण आतून बापाचा आवाज येत होता. तो आईला वधस्तंभाचं सांगत होता. ती तिथेच पायरीवर बसली. तिने सगळं ऐकलं, आई म्हणाली ते, "मला पाहिजे," तेही. आत आली तेव्हा तिचं तोंड भिजलेलं होतं. तिने बापाच्या गळ्यात हात टाकले. मला माहीत होतं, म्हणाली. आईच्या एवढ्या प्रार्थना वाया जाणारच नव्हत्या.

त्याला कळेना ही काय म्हणतेय. कळलं तेव्हा त्याचे हात खाली पडले. त्या क्षणी हो म्हटलं असतं तर तीन माणसं सुखी झाली असती, हे त्याला दिसत होतं.

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "मी तिला सांगतो फक्त. ती शांत होते म्हणून सांगतो."

मुलीने हात काढले नाहीत, पण ते सैल पडले. "म्हणजे तुम्हाला हे खरं वाटत नाही?"

"नाही वाटत."

"मग खोटं सांगता तिला?"

"खोटंही वाटत नाही तितकं. मला काहीच वाटत नाही. मी प्रयत्न केला."

मुलगी मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. दिवसभर तिने आईचं केलं, केस विंचरले, नखं कापली. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायला बापाला मदत करत होती. चादरीची दोन टोकं त्याच्याकडे, दोन तिच्याकडे. तिने खाली पाहत सांगितलं, की मला एकाच गोष्टीची भीती वाटते. आई गेल्यावर ती प्रभूपाशी असेल. मीही एक दिवस तिच्याजवळ जाईन. आणि तुम्ही नसाल. हे मला मान्य करता येत नाही आणि टाकताही येत नाही. बापाने टोकं जुळवून चादर तिच्या हातात दिली. दुसरं काय देणार होता?

त्यानंतर काही आठवड्यांतली गोष्ट. ताईला आता वाक्यं जुळवायला वेळ लागायचा. त्याने नेहमीसारखं सांगितलं, ती नेहमीसारखी निवली, आणि मग त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही घेतलं का?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे तो धरून चालला होता. हो म्हणायचं, असंही त्याने ठरवून ठेवलं होतं; उद्यापर्यंत ती विसरणारच होती. पण विचारताना तिचा आवाज भिंतीपलीकडून यायचा तसा होता, जुना.

"नाही," तो म्हणाला.

"का?"

"मला येत नाही."

ती घाबरली. तिने त्याचं मनगट धरलं. चांगल्या दिवसांत तिने यावर मुद्दे मांडले असते, दाखले दिले असते. आता तिच्याजवळ मुद्दे नव्हते. "मग मी मागते तुमच्यासाठी," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. डोळे उघडून तिने विचारलं, "कुणाला मागायचं?"

"येशूला."

"काय म्हणायचं असतं?"

लॉन्ड्रीवाल्याला ते येत होतं. पहाटे दाढी करताना त्याने ते इतक्या वेळा ऐकलं होतं. त्याने एक ओळ सांगितली आणि ती थांबली तिथे पुढची. प्रभू येशू, माझ्या नवऱ्याला सोडू नकोस. तो चांगला माणूस आहे आणि त्यामुळे त्याला तुझी गरज कळत नाही. त्याचं मन तू उघड, मला जमत नाही. मला त्याच्याशिवाय तिथे राहायचं नाही. हे शेवटचं वाक्य सांगताना त्याचा आवाज फुटला. ती मात्र शहाण्या मुलीसारखं प्रत्येक वाक्य मागोमाग म्हणत गेली, शेवटचं आमेनसुद्धा.

त्याने वाट पाहिली. खरोखर पाहिली, श्वास धरून. खालून कुणीतरी शटर वाजवलं, कपडे तयार आहेत का म्हणून. ताईने त्याचं मनगट सोडलं आणि पदराशी चाळा करायला लागली. त्याच्या आत होतं तसंच होतं.

तिथून पुढे उतार फार झपाट्याने आला. सुवार्तेचे शब्द तिच्यापर्यंत पोचेनासे झाले. त्याने सोपे शब्द घेतले, मग त्याहून सोपे. माफ आहे, सगळं माफ आहे, एवढंच. ती ऐकायची आणि तिचा चेहरा हलायचा नाही. आईचं नाव मात्र अजून यायचं, आणि नावही गेल्यावर नुसतं कण्हणं राहिलं. दाराकडे पाहून कण्हायची. काय टोचतंय हे तिला सांगता येत नव्हतं आणि काढणं त्याच्या हातात नव्हतं. शब्द लागू पडायचे तेव्हा निदान अर्धा दिवस तरी मिळायचा. आता तो तिच्या डोक्याशी बसून तेच सांगत राहायचा, कधी पूर्ण, कधी मधूनच, ते आत जातंय की भिंतीवर आपटून खाली पडतंय हे न कळता. पाळक आले, नर्सबाई आल्या. त्यांनी हात धरले, प्रार्थना केली. कुणीही त्याला, सगळं ठीक होईल, असं म्हटलं नाही. त्याबद्दल तो त्यांचा ऋणी होता.

ताई एका सकाळी गेली. तो तिला चमच्याने पाणी पाजत होता. एक चमचा गिळला, दुसरा ओठांच्या कडेने परत आला. ती दाराकडे पाहत होती की कुठेच पाहत नव्हती, हे त्याला पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही.

दफनाच्या वेळी पाळक पुनरुत्थानावर बोलले. मंडळी गायली. लॉन्ड्रीवाल्याला सगळी गाणी येत होती. लोक पांगल्यावर मुलगी त्याच्याबरोबर घरी आली. दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे पडून होते, त्यांतले निदान बाहेरगावी जाणाऱ्यांचे तरी करून टाकावेत म्हणून त्याने प्रेस तापत ठेवली. मुलगी काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसली.

"बाबा, शेवटी ती शांत होती ना?"

त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. "मला माहीत नाही," तो म्हणाला. मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "मला कळलं नाही गं."

मुलीने डोळे पुसले. ती आता प्रभूपाशी आहे, म्हणाली, आता तिला सगळं आठवत असेल. वाफ सुटली, खाली बसली. त्याने दुसरा शर्ट घेतला आणि हातातच धरून ठेवला.

"खरं असू दे ते," तो म्हणाला.

"काय?"

"हेच. तुम्ही म्हणता ते. सगळं." तो शब्द शोधत होता. "मला विश्वास ठेवता येत नाही. पण ते खरं असू दे. तिला कुणीतरी सांगितलेलं असू दे, की झालं, माफ आहे. मी त्यात नसलो तरी चालेल. पण खरं असू दे."

"हीच तर सुरुवात असते, बाबा," मुलगी घाईने म्हणाली. ती उठून उभी राहिली होती.

त्याने मान हलवली. हो की नाही, हे त्यातून काही कळत नव्हतं. प्रेस तापलेलीच होती. त्याने शर्ट पसरला, बाह्या सरळ केल्या आणि झाकण खाली ओढलं. मुलगी जरा वेळ उभी राहिली, मग तयार झालेल्या शर्टाला पिना लावायला लागली.